मांजरी, गुरुवार, दुपारी पावणेतीन

१२ जानेवारी २०२१, मंगळवार. पहाटे पाचच्या थोडं आधी.

हडपसरच्या पुढे, मांजरीच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या फाटकातून तीन ट्रक निघतात. निघण्याआधी पूजा झालेली असते. आत ४७८ खोकी आहेत, प्रत्येक खोकं ३२ किलोचं. माल कोविशिल्ड लशीचा. तापमान २ ते ८ अंशांच्या मध्ये ठेवायचं, त्याच्या वर नाही, खाली नाही. ट्रक लोहगाव विमानतळाकडे जातात. ४७८ हा आकडा सकाळच्या चहापर्यंत देशभर पोहोचतो. एकेक खोकं मोजलेलं आहे, त्याची नोंद आहे, त्याला पोलिसांचा पहारा आहे.

१६ जानेवारी, शनिवार. सकाळी साडेदहा.

देशातली लसीकरण मोहीम सुरू होते. १९६६ साली पुण्यात सुरू झालेल्या या कंपनीचं नाव या आठवड्यात जगातल्या प्रत्येक बातमीपत्रात आहे.

२० जानेवारी, बुधवार.

भूतानला दीड लाख मात्रा, मालदीवला एक लाख. परदेशी जाणारी ही पहिली खेप.

२१ जानेवारी, गुरुवार. सकाळ.

आजची पाठवणी मोठी आहे. बांगलादेशला २० लाख मात्रा, नेपाळला १० लाख. त्याच परिसरात, विशेष आर्थिक क्षेत्राच्या हद्दीत, एका बहुमजली इमारतीचं काम चालू आहे. ती कोविशिल्डसाठी नाही. बीसीजी आणि रोटाव्हायरस या लशींचं उत्पादन वाढवण्यासाठी ती बांधली जात आहे. या इमारतीत आज एकही लस तयार होत नाही. कामावर आहेत ते ठेकेदारांचे कामगार. त्यांतले दोघे उत्तर प्रदेशचे, एक बिहारचा, दोघे पुण्याचे. या पाच जणांची नावं संध्याकाळनंतर कळतील.

काम पूर्ण होत आलेली इमारत आगीच्या दृष्टीने सगळ्यात नाजूक अवस्थेत असते. सिमेंट-विटांच्या सांगाड्यात जळण्यासारखं फारसं काही नसतं. पुढे केबल ओढल्या जातात, केबिन उभ्या राहतात, फॉल्स सीलिंग लागतं, फर्निचर येतं, आणि ते बहुतेक वेळा प्लॅस्टिकच्या वेष्टनातच पडून असतं. जळणारा माल इमारतीत आधी येतो. तो जळाला तर विझवणारी व्यवस्था, म्हणजे पाण्याचे फवारे, धुराचे इशारे, मोकळे जिने, बऱ्याचदा शेवटी चालू होते. मधल्या काही आठवड्यांत वेल्डर, इलेक्ट्रिशियन, रंगारी आणि एसीचे फिटर एकाच मजल्यावर काम करत असतात, प्रत्येक जण वेगळ्या ठेकेदाराचा.

दुपारी दोनच्या आधी. नियम काय सांगतो.

वेल्डिंग आणि कटिंग करताना आगीची काळजी कशी घ्यायची, याचं भारतीय मानक आहे. क्रमांक ३०१६. त्याची सध्याची आवृत्ती १९८२ सालची, म्हणजे या दुपारी ते ३९ वर्षांचं झालेलं आहे. कारखान्यांत अशा कामाच्या परवान्याला हॉट वर्क परमिट म्हणतात. काम सुरू होण्याआधी एक कागद भरायचा. आजूबाजूला जळण्यासारखं काय आहे ते पाहायचं. हलवता येईल ते हलवायचं, न हलणारं झाकायचं. अमेरिकी नियमात हे अंतर ३५ फूट, म्हणजे साधारण ११ मीटर धरलेलं आहे, कारण ठिणगी तेवढी लांब जाते. भिंतीला किंवा स्लॅबला भोक असेल तर पलीकडच्या खोलीत आणि खालच्या मजल्यावरही पाहायचं. शेजारी एक माणूस फक्त बघायला उभा करायचा. त्याच्या हातात आग विझवायचं सिलिंडर, दुसरं काम नाही.

काम संपल्यावरही त्या माणसाने थांबायचं असतं. अमेरिकी नियमात पूर्वी ही वेळ ३० मिनिटांची होती. २०१९ मध्ये ती एक तास केली गेली. वितळलेल्या धातूचा थेंब हजार अंशांच्या वर तापलेला असतो. फोमच्या किंवा केबलच्या फटीत तो पडला की बराच वेळ नुसता धुमसत राहतो. वेल्डर जेवायला जातो, आणि नंतर तिथे आग पेटते.

हा एक तास कुठल्याही साइटवर सगळ्यात महाग वाटतो. एक माणूस, एक तास, काहीही न करता उभा. ठेकेदार कपात सुरू करतो ती इथूनच.

दुपारी दोन. शेजारच्या धंद्यातला एक नियम.

सोलापूर रस्त्याच्या या भागात आणि पुण्याच्या पेठांमध्ये नेमप्लेट, ट्रॉफ्या, कीचेन कोरून देणारी लेझरची छोटी यंत्रं असतात. दहा बाय दहाच्या गाळ्यातही बसतात. त्या धंद्यात एक नियम पहिल्या दिवशी शिकवला जातो : पीव्हीसी लेझरखाली घालायचं नाही. अॅक्रिलिक चालतं. त्याला उग्र वास येतो, ते पेटूही शकतं, म्हणून यंत्र सोडून जायचं नाही आणि एक्झॉस्ट चालू ठेवायचा. एबीएस वितळतं आणि त्याच्या धुरात स्टायरिन असतं. पॉलिकार्बोनेट पिवळं पडून काजळी धरतं. पीव्हीसी मात्र नाहीच. शुद्ध पीव्हीसीत वजनाने ५७ टक्के क्लोरीन असतं. ते २०० अंशांच्या पुढे तापलं की हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडतो. घशातल्या ओलाव्यात तो विरघळला की हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं. यंत्राचे आरसे आणि रूळही त्याने गंजतात.

गिऱ्हाईक मात्र पीव्हीसी म्हणून काही आणत नाही. तो सनबोर्ड आणतो, रेक्झिनची डायरी आणतो, फ्लेक्सचा तुकडा आणतो. तिन्ही बहुधा पीव्हीसीच. जाणता कारागीर शंका आली तर तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवतो, तुकड्याला टेकवतो आणि परत ज्योतीत धरतो. ज्योत हिरवी झाली तर आत क्लोरीन आहे. तुकडा परत. दोन मिनिटांचं काम. तापवण्याआधी ही वस्तू कशाची आहे हे विचारायचं, एवढाच त्याचा अर्थ.

हेच पीव्हीसी प्रत्येक इमारतीत केबलच्या अंगावर असतं. मजल्यामागून मजल्याला, डक्टमधून, छताच्या वरून. कारागीर ज्याचा हाताएवढा तुकडा परत करतो, त्याच प्लॅस्टिकच्या खालीवर रोज कुठे ना कुठे वेल्डिंग चालू असतं.

दुपारी पावणेतीनच्या सुमारास.

मांजरीच्या इमारतीच्या वरच्या मजल्यांवर आग लागते. बातमी येते ती चौथ्या आणि पाचव्या मजल्याची. इमारतीत वेल्डिंगचं काम चालू होतं आणि जवळच्या ज्वालाग्राही मालाने पेट घेतला, असा प्राथमिक अंदाज आरोग्यमंत्री राजेश टोपे त्याच दिवशी सांगतील.

पुणे महापालिकेच्या अग्निशमन दलाला खबर जाते. पहिले बंब निघतात.

दोन वाजून ५० मिनिटे.

पाच मिनिटं हा आगीच्या हिशेबात मोठा काळ आहे. अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत दोन खोल्या शेजारी शेजारी पेटवून पाहिल्या गेल्या आहेत. एकीत जुन्या पद्धतीचं लाकूड आणि कापसाचं सामान, दुसरीत आजचं फोम आणि प्लॅस्टिकचं. जुनी खोली सर्वांगाने पेटायला जवळजवळ अर्धा तास लागला. नवी चार मिनिटांच्या आत पेटली.

ज्वाळेच्या पुढे धूर पळतो. पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड, फोममधून हायड्रोजन सायनाइड, आणि सगळ्यातूनच कार्बन मोनॉक्साइड. हवेत कार्बन मोनॉक्साइड सव्वा टक्क्याच्या आसपास गेला की दोन-तीन श्वासांत शुद्ध जाते. त्याला वास नाही, रंग नाही. हायड्रोजन क्लोराइडला वास आहे. तो डोळे मिटायला लावतो, आणि मिटलेल्या डोळ्यांनी जिना सापडत नाही. जिना सापडला तरी तो धुराड्यासारखा वागतो : तापलेला धूर त्यातूनच वर चढतो. वरच्या मजल्यावरच्या माणसाला खाली यायचं असतं त्याच वाटेने धूर वर येतो.

मुंबईच्या कमला मिलमध्ये २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री, साडेबाराच्या सुमारास लागलेल्या आगीत असंच झालं होतं. १४ जण गेले. बरेच जण स्वच्छतागृहात सापडले, आणि मृत्यू गुदमरून झाले होते. त्या घटनेला या दुपारी तीन वर्षं झालेली आहेत.

दुपारी तीन.

धूर हडपसरच्या बाजूने लांबून दिसतो. काळा आहे, म्हणजे त्यात न जळलेला कार्बन भरपूर आहे. प्लॅस्टिक जळताना असाच धूर येतो. वाहिन्यांवर चित्रं सुरू होतात. बंबांची संख्या वाढत पुढे पंधरापर्यंत जाते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचं पथकही बोलावलं जातं.

सगळ्या देशाच्या मनात एकच प्रश्न आहे : लस सुरक्षित आहे का? उत्तर लवकर मिळतं. आहे. जळणारी इमारत वेगळी, कोविशिल्डची वेगळी.

हा प्रश्न चुकीचा नव्हता. कोट्यवधी लोक त्या लशीची वाट पाहत होते. पण तो पहिला विचारला गेला. त्या इमारतीत किती माणसं आहेत, हा प्रश्न मागे राहिला.

तीन वाजून ३१ मिनिटे.

याच मिनिटाची एक नोंद दुसऱ्याच एका आगीची आहे. ती या घटनेच्या जवळजवळ २५ वर्षं आधीची. ११ एप्रिल १९९६, तोही गुरुवारच. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ विमानतळावर दुपारी ३.३१ वाजता खबर येते की आगमन कक्षात, फुलांच्या दुकानाजवळ, छतातून ठिणग्या पडत आहेत. वरच्या रस्त्याच्या सांध्यावर वेल्डिंग चालू असतं. वितळलेला धातू खाली झिरपून छताच्या पोकळीतल्या पॉलिस्टायरिनच्या थरावर पडलेला असतो. पोहोचलेल्या जवानांना आधी वाटतं की वायरिंगचा बिघाड असावा. ते इलेक्ट्रिशियनला बोलावतात. छताच्या वर काय भरलेलं आहे, हे खाली उभ्या असलेल्या कोणाला दिसत नाही.

३.५८ ला आग छत फोडून खाली येते. मधली २७ मिनिटं ती वर, डोळ्याआड वाढत होती. १७ माणसं मरतात. आठ जण एका विमान कंपनीच्या विश्रांतिकक्षात. सात जण लिफ्टमध्ये; लिफ्ट खाली उतरते आणि तिचं दार धुरातच उघडतं.

वेल्डिंग, प्लॅस्टिकचा थर, केबल, धूर. या अपघातावर मोठे अहवाल लिहिले गेले, ते जगभर अग्निसुरक्षा शिकवताना वापरले जातात. इशारा कमी पडला असं म्हणता येत नाही.

दुपार कलताना.

आग आटोक्यात येत असल्याच्या बातम्या आहेत. कंपनीचे प्रमुख अदर पूनावाला ट्विटरवर लिहितात : काही मजले नष्ट झाले, पण आतापर्यंत जीवितहानी नाही, कोणी गंभीर जखमीही नाही. काळजी करणाऱ्या सगळ्यांचे ते आभार मानतात. वाहिन्यांवर हीच ओळ फिरत राहते. ऐकणाऱ्यांना हायसं वाटतं.

त्या वेळी पाच जण वरच आहेत.

मोठ्या कारखान्याच्या फाटकावर कायम कामगाराचं कार्ड यंत्रात वाजतं. ठेकेदाराचा माणूस बहुधा रजिस्टरवर असतो, किंवा मुकादमाच्या वहीत, किंवा मुकादमाच्या डोक्यात. सकाळी कोणत्या इमारतीत किती लावले आणि दुपारी त्यांतले किती दुसरीकडे हलवले, हे त्यालाच माहीत. आगीच्या वेळी सगळ्यांनी एका जागी जमून शिरगणती करायची, हा नियम म्हणूनच आहे. ठेकेदारी जितक्या पायऱ्यांची, तितकी ही शिरगणती अवघड. अवघड आहे म्हणून ती टाळली जाते, आणि तिची किंमत कोण मोजतो हे प्रत्येक अशा आगीनंतर दिसतं.

दुपारी साडेचार ते पाच.

सुमारे दोन तासांच्या झुंजीनंतर आग आटोक्यात येते. जवान वरच्या मजल्यांवर शिरतात. मुख्य अग्निशमन अधिकारी प्रशांत रणपिसे यांच्या सांगण्यानुसार जळालं ते फर्निचर, वायरिंग आणि केबिन. त्या मजल्यांवर मोठी यंत्रसामग्री नव्हती.

म्हणजे विझवायला गेलेल्या माणसांसमोर ना स्फोटक होतं ना जंतूंचा साठा. कुठल्याही कचेरीत असतं तेच सामान होतं.

सगळ्यात वरच्या मजल्यावर पाच मृतदेह सापडतात.

संध्याकाळ.

महापौर मुरलीधर मोहोळ पाच मृत्यूंची माहिती देतात. ते बहुधा बांधकामावरचे कामगार असावेत, असं ते म्हणतात. अदर पूनावाला दुसरा संदेश लिहितात : अधिक माहिती घेतल्यावर दुर्दैवाने जीवितहानी झाल्याचं समजलं आहे. ते शोक व्यक्त करतात. प्रत्येक कुटुंबाला २५ लाख रुपये देण्याचं कंपनी जाहीर करते.

त्याच दिवशी ते सरकारांना आणि लोकांना हेही कळवतात की कोविशिल्डच्या उत्पादनात खंड पडणार नाही. अशा प्रसंगासाठी एकाहून अधिक इमारती राखून ठेवलेल्या होत्या.

संध्याकाळी सातच्या सुमारास.

त्याच इमारतीच्या एका भागात आग पुन्हा पेटते. विझलेल्या वाटणाऱ्या फोमच्या आणि केबलच्या ढिगात निखारा तासन्‌तास टिकतो. हवा मिळाली की तो उठतो. काम संपल्यावरही एक तास थांबा, हे नियम सांगतो ते याच कारणाने. जवान तिथेच असतात. ते पुन्हा पाणी मारतात. या वेळी कोणी जखमी होत नाही.

२२ जानेवारी, शुक्रवार.

ब्राझीलसाठी २० लाख आणि मोरोक्कोसाठी २० लाख मात्रा घेऊन विमानं निघतात. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या तापमानात.

मुख्यमंत्री उद्धव ठाकरे मांजरीला येतात. घातपात की अपघात, हे चौकशीनंतरच सांगता येईल असं ते म्हणतात. कोविडची लस सुरक्षित असल्याचं पुन्हा सांगितलं जातं. कंपनीच्या अंदाजाने नुकसान १,००० कोटी रुपयांहून अधिक आहे. ते मुख्यतः उपकरणांचं आणि बीसीजी व रोटाव्हायरसच्या कामाचं. आगीच्या कारणाचा शोध पुणे महापालिका, पीएमआरडीए आणि एमआयडीसी या तिन्हींची अग्निशमन दलं मिळून घेणार, असं ठरतं.

पाच कुटुंबांपैकी तीन दुसऱ्या राज्यांतली आहेत. टाळेबंदीत गावी गेलेले मजूर नुकतेच परतायला लागले होते, त्या महिन्यांतली ही गोष्ट. पुण्यात बांधकामं पुन्हा सुरू झाली होती आणि वेल्डर, फिटर, वायरमन यांना मागणी होती. राहिलेलं काम वेगाने उरकायचं होतं. लशीच्या कारखान्यात तर अधिकच, कारण त्या वर्षी जगाला सगळ्यात जास्त घाई त्याच वस्तूची होती.

घाई मला समजते. पण वेल्डिंगच्या टॉर्चपासून केबलचा गुंडाळा ११ मीटर लांब नेणं, एक माणूस सिलिंडर घेऊन उभा करणं आणि वर गेलेल्यांची नावं खाली फाटकावर लिहून ठेवणं, या तिन्हींची तयारी करायला मिळून अर्धा तासही लागत नाही. कोणत्याही साइटवर, कोणत्याही ठेकेदाराला.

७ जून २०२१, सोमवार. दुपार.

मांजरीच्या आगीला १३७ दिवस झालेले आहेत. ठिकाण मुळशी तालुक्यातलं उरवडे, पुण्याच्या दुसऱ्या टोकाला. पाणी शुद्ध करण्यासाठी लागणाऱ्या क्लोरीन डायऑक्साइडची उत्पादनं करणारा कारखाना. आत प्लॅस्टिकच्या पॅकिंगचं काम चालू आहे. आग तिथेच लागली आणि आजूबाजूच्या प्लॅस्टिकमुळे लगेच पसरली, अशी प्राथमिक माहिती अग्निशमन अधिकारी देतात.

इथे मोजणी चटकन होते. त्या वेळी ३७ कामगार आत होते. वीस जण बाहेर काढले गेले. कंपनीचे अधिकारी सांगतात की १७ जणांचा पत्ता लागत नाही. जवान भिंती फोडून आत शिरतात आणि १७ मृतदेह बाहेर आणतात. त्यांत बहुतेक बायका आहेत, आसपासच्या गावांतून पॅकिंगच्या कामाला येणाऱ्या. मृतदेह ससूनला नेले जातात. चेहऱ्यावरून ओळख पटत नाही, म्हणून नातेवाइकांच्या रक्ताचे नमुने डीएनए चाचणीसाठी घेतले जातात. त्याच संध्याकाळी चौकशी समिती नेमल्याचं जाहीर होतं.